चार बोटांची दुमड

मी, खाली सही करणारा, धंद्याने फ्रेमवाला, वय चौऱ्याहत्तर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. हात थरथरतो, डोके नाही.

१. दुकान, वरच्या दोन खोल्या आणि बँकेतील शिल्लक माझ्या भाचीला. तिला मीच वाढवले.

२. कोपरे कापायची करवत शेजारच्या सुताराला. तीस वर्षे तिच्यावर डोळा ठेवून आहे. आता तरी धार लावून वापरावी.

३. थोरल्या भावाला काही नाही. आमच्या धाकट्या बहिणीला दार बंद करणारा पहिला तोच. दुसरा मी. ते पुढे येईल.

४. भिंतीवरचे मुलगी आणि कुत्र्याचे चित्रही भाचीला. जवळून नुसते रंगाचे ठिपके. दारातून पाहिले की दोघे उभे राहतात. ते बहिणीने, म्हणजे भाचीच्या आईनेच काढले. मुलगी म्हणजे भाची, चार वर्षांची. चित्र आणि मूल माझ्या गळ्यात टाकून बहीण निघून गेली. उजव्या कडेला तिने स्वतःला काढले होते. रागाच्या भरात तेवढा कापडाचा चार बोटांचा पट्टा मी मागे दुमडला, खिळे ठोकले आणि चित्र तयार फ्रेममध्ये बसवले. बहीण ते मागायला आली तेव्हा विकले म्हणून सांगितले आणि दार लावून घेतले.

भाची विचारायची, "मामा, ही दोघं कुणाकडे बघतायत?"

"कुणाकडे नाही गं. असंच."

या खोट्याची मला लाज वाटते.

५. बहीण वारल्याचे कळले त्या वर्षापासून चित्रातली मुलगी उजवीकडे सरकते आहे. धंद्याची सवय, म्हणून मोजत आलो. तिचा बूट कडेपासून नऊ बोटे होता. गेल्या आठवड्यात एक. कुत्रा जागचा हललेला नाही. त्याने फक्त मान माझ्याकडे वळवली आहे.

६. माझ्या पश्चात भाचीने फ्रेम उघडून दुमड सोडवावी. मला भीती वाटते, म्हणून मी उघडलेली नाही. तिच्या आईला मी कापले नाही, फक्त दुमडले, एवढे तिने ध्यानात ठेवावे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १, समोरची शिंपीण: सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २, औषधाचा दुकानदार: माझ्याही समोर झाली. कलम चारमधले चित्र चष्मा लावून दारातून पाहिले. त्यात एकटा कुत्रा आहे. मुलगी कुठे, असे विचारले तेव्हा लिहून देणाऱ्यांनी फ्रेमच्या मागे हात फिरवला आणि म्हणाले, "पोचली एकदाची."

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: ४ मार्च, बुधवार, दुपारी