हिरव्या कापडाखालचा सौदा

चंद्रपूर, रविवार

लटारूभाऊंना गफ्फारचा रामराम आणि सलाम. दोन्ही घ्या, त्यातला एक गुणाबाई वहिनींना द्या. (त्यांचा गुडघा कसा आहे? तुमच्या मानेवरच्या गाठीचं विचारत नाही. ती वाढली, हे कुरखेड्याहून येणारा प्रत्येक जण न विचारताच सांगतो.)

भाऊ, डॉक्टरीणबाई गाठ काढून तपासू म्हणाल्या आणि तुम्ही सुई पाहून टेबलावरून पळालात, तेही त्यांचं हिरवं कापड पाठीवर घेऊन. बसस्टँडवर लोकांना वाटलं, दर्ग्यावर चादर चढवायला निघाले! मी हसलो नाही. (थोडा हसलो.) मग माझ्या पाठीवरची गाठ घेऊन त्याच टेबलावर पालथा पडलो. डोळे मिटले, कान मात्र उघडे. बैलबाजारात पोट भरलं ते कानांच्याच जिवावर. बाई सिस्टरला सांगत होत्या, भुलीचं औषध गार नको, कोमट कर. नुसतं झोंबतं, थोडा सोडा मिसळ. सुई बारीक दे, मी सावकाश सोडते. मनात म्हटलं, माणसाले टोचून राह्यले का बाळाले न्हाऊ घालून राह्यले?

तेवढ्यात त्या साधना सिस्टरनं माझ्या अंगावरच्या हिरव्या कापडाखालून माझ्या हातात हात दिला. "काका, दुखलं का बोटं दाबा." बाजारात आमचे भाव रुमालाखाली बोटं दाबूनच ठरतात; आता बैलाच्या दलालाला कापडाखाली हात दिल्यावर तो दुसरं काय करणार? सुई लागली तशी मी तिची बोटं दाबून भाव सांगितला. पोरगी निघाली आपल्या बाजारातल्या दादाजी दलालाची लेक! तिनं बोट दाबून भाव पाडला. कोणत्या बैलाचा, हे ठरलंच नव्हतं. माझ्या मनात तुमचा तांबड्या होता. मी चढवतो, ती पाडते. शेवटी माझा तोल गेला. "तांबड्याले इतक्या स्वस्तात मागतेस? काऊन, लंगडा हाये का तो?"

"गफ्फारभाई," बाई म्हणाल्या, "ओरडू नका. सुई केव्हाच निघाली."

गाठ निघेस्तोवर मी तांबड्याचे दात, शिंगं, चाल सांगत होतो. थकल्या त्या बाई.

पाठीवर पट्टी मिरवणारा तुमचा,
गफ्फार

ता. क. साधना म्हणते, सौदा पक्का, तांबड्या तिचा. मोडायचा असेल तर मालकानं स्वतः यावं. बुधवारी सकाळी या. टेबलासाठी तुमचं नाव देऊन ठेवलं आहे.

ता. क. आणखी एक. साधनाच्या घरी ट्रॅक्टर आहे, तिला बैल नको. आणि माझी गाठ कित्येक वर्षं कोणाला त्रास न देता बसली होती. पण स्वतः टोचून न घेता मी हे लिहिलं असतं, तर तुम्ही मानलं असतं काय? पहिला डंख मुंगीएवढा लागतो, खोटं कशाला सांगू. ते हिरवं कापड धुऊन आणा. त्याच्याखाली या वेळी माझा हात राहील.