चिनी सिनेमाचं शेवटचं रीळ

१० फेब्रुवारी १९५७, रविवार

बुद्धाचे भिक्खू काठी का उचलतात? — मला माहीत नाही! काल सिनेमाहून परतताना माय वाटभर हेच विचारत होती. "आपल्याले तं दीक्षेत सांगतलं, कोनाले मारू नोका. अन् हे पाय, कसे हानून राह्यले!" मी म्हटलं, वाचून सांगते. कशात वाचणार? बी.ए.ला हे नव्हतं.

पुलगावच्या बाजाराच्या मैदानात तंबूतला सिनेमा आला आहे. चिनी! मालक ओमप्रकाशजींनी कलकत्त्याहून स्वस्तात आणला. भाषेतलं अक्षर कुणाला कळत नाही. पण पडद्यावर बुद्धाची मूर्ती दिसली आणि आमची सगळी माणसं चपला काढून, हात जोडून उभी राहिली. मागच्या खुर्च्यांवरून ओरडा — "बसा ना बे खाली!" कोणी बसेना. माय म्हणाली, "म्हंजे हे चिनी आपले सोयरेच न मंग?"

आणि बाबा! मालकाने "कोई समझाने वाला है क्या?" म्हटल्याबरोबर उभे राहून म्हणाले, "माया पोरीले येते! बी.ए. हाये ते!" मला चिनी येत नाही हे सांगायला तोंड उघडलं, तोवर कर्णा हातात आला होता. बाबांचा चेहरा पाहिला आणि बोलत सुटले. सगळं मनाचं!

११ फेब्रुवारी

आज गाड्या जुंपून लोक आले. नाचणगावचे, देवळीचे.

गोष्ट मला चित्रांवरूनच कळली. डोंगरावरचं विहार. खालच्या गावचा सरदार म्हाताऱ्या भिक्खूला मारतो. शिष्य काठी शिकतात. पण आधी नुसतं पाणी वाहायचं! कावड खांद्यावर घेऊन पायऱ्या चढायच्या, थेंब सांडायचा नाही. एक मुलगीही पाणी वाहते. तिला कोणी शिकवत नाही, ती पाहून पाहून शिकते. मारणारा धिप्पाड, मार खाणारा काडीसारखा — आणि काडीच उठून उभी राहते! तेव्हा तंबू असा गरजतो की कनात हलते. मीही ओरडले. कर्ण्यातून!

पण शेवटचं रीळच नाही. सगळे काठ्या घेऊन सरदाराच्या फाटकाशी येतात आणि पडदा पांढरा. मालक म्हणाले, "अंत आप ही बोल दीजिए, बहनजी." मी सांगितलं — सरदाराने माफी मागितली, सगळे घरी गेले. लोक म्हणाले, "हट्!" एकाने शेंगांची टरफलं फेकली.

१२ फेब्रुवारी

माझ्या धाकट्या भावाने, गुलाबने, त्या भिक्खूंसारखं डोकं भादरून घेतलं. नाल्याकाठी दहा-बारा पोरं, सगळ्यांच्या हातात काठ्या. मला भीती वाटते.

१३ फेब्रुवारी

भाऊ लहान आहे, म्हणून त्याचं बोलणं लहान मानत होते. आज ऐकलं.

"ताई, त्या विहारात कोनी कोनाची जात इचारत नाई. किती शिकला, येवढंच इचारते. तू शिकलीस तशी आमी काठी शिकतो."

"कशाला शिकतोस?"

"आयतवारी भैयाजीच्या चौकातून जानार आमी. सारे. चपला घालून."

माझ्या हातातला पेला पडला. भैयाजींची मालगुजारी कायद्याने गेली, पण त्यांचा चौक गेला नाही. तिथून आमच्या माणसांनी चपला काढूनच जायचं. मागे एकाने काढल्या नाहीत — त्याचा पाय अजून वाकडा आहे. भैयाजींच्या गड्यांकडे कुऱ्हाडी आहेत. पोरांकडे चार दिवसांची काठी!

"मरशील रे."

"चपला बुद्धापुढं काढाच्या. भैयाजी बुद्ध हाये का?" मग हळूच म्हणाला, "तू बी.ए. झाली, तरी चपला पिशवीत."

मी रोज शाळेत शिकवायला जाते. चौक आला की चपला कापडी पिशवीत घालते. वह्यांखाली. वाटायचं, कुणाला दिसत नाही.

१४ फेब्रुवारी

चौकात भैयाजींनीच हाक मारली. ओट्यावर सुपारी कातरत होते. मी अनवाणी.

"कवडूची पोरगी न तू? बोलतं मस्त व! मीही पाह्यला तो शिनेमा. पोट्टे लय उड्या मारतात." अडकित्ता थांबला. "पन उडी मारनाऱ्याले खाली याच लागते, मास्तरीनबाई. हो का नाई?"

माझ्या तोंडून "हो" निघालं! म्हणजे त्यांना रविवारचं कळलं आहे.

"शेवट काय हाये व त्याचा? नीट सांगजो. पोट्टे तुयं ऐकतात."

शाळेत पोचेपर्यंत तेच डोक्यात. बाबांना सांगितलं तर ते पोरांबरोबर जातील. नाही सांगितलं तर गुलाब जाईल. फळ्यावर एकच पाढा दोनदा लिहिला, मुली हसल्या.

१५ फेब्रुवारी

भैयाजी मागच्या खुर्चीवर होते. गुलाब आणि त्याची पोरं पुढे जमिनीवर, काठ्या मांडीवर. मधोमध मी आणि कर्णा.

पडदा पांढरा झाला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, खरंच.

म्हटलं — फाटक बंद होतं. भिक्खूंनी काठ्या उगारल्या. तेवढ्यात पाणी वाहणारी मुलगी पुढे आली. म्हणाली, थांबा. मी रोज या वाटेने वाकून जाते, म्हणून सरदार फाटक लावायला धजावतो. आधी मी जाते. मी पडले तर काठ्या आहेतच. फाटक ढकलून ती एकटी चालत गेली. आत.

"मंग?" कोणीतरी ओरडलं. "मंग काय झालं?"

मी म्हटलं, पुढचं रीळ नाही.

टरफलं आली नाहीत. टाळ्याही नाहीत. भैयाजी उठून गेले. घराजवळ आल्यावर गुलाब म्हणाला, "ते मुलगी खरंच जाते का, ताई?"

मी आत गेले आणि पिशवीतल्या वह्या बाहेर काढून ठेवल्या.

१६ फेब्रुवारी, शनिवार

हे शाळेत बसून लिहिते आहे. मुली अजून यायच्या आहेत. चौकातून आले. चालत. ओट्यावर भैयाजी होते, उभे राहिले. चपला पायात आहेत. दुपारी त्याच वाटेने परत जायचं आहे — पिशवी घरीच खुंटीला टांगून आले.