गच्चीवर वाळवलेल्या फोडी

मी, सानोबार खोलिकोवा, वय एकाहत्तर, राहणार चोरतोक, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दम लागतो, पण डोकं ठिकाणावर आहे. सून म्हणते, नाही. तिचं म्हणणं नोंदवून पुढे जाते.

एक. घर मुलगा जाहोंगीर याला. तो रशियात भिंती बांधतो आणि घरी यायचं नाव घेत नाही. शिवणयंत्र सून शाहनोझा हिला. "आईंच्या पुलावात नुसतं तेल असतं," असं तिने गल्लीभर सांगितलं, तरी तिलाच.

दोन. अंगणातलं सफरचंदाचं झाड आणि त्याच्या सावलीएवढी जमीन जाहोंगीरला नाही. त्याला तिथे गाडी लावायची आहे. चार झाडांतलं हे शेवटचं. अळीमुळे यंदा एक फळ धड निघालं नाही. खोडाला चुना लावला, पट्टे बांधले, तंबाखूचं पाणी फवारलं. आता शिडी चढवत नाही आणि मला काही सुचत नाही. हे झाड शेजारी तुर्सुनबोय यांना द्यावं.

तीन. कारण लिहिणं भाग आहे. सहा वर्षांपूर्वी मी मोहल्लाभर ओरडले, की अळी तुर्सुनबोयच्या झाडावरून येते. तो टोपलीभर फळं घेऊन दारात आला.

"ओपा, तुम्हीच फोडून बघा. एकात जरी कीड दिसली तर उद्या झाड तोडतो."

"कीड तुझ्या मनात आहे, फळात कशी दिसेल?" मी म्हटलं.

मला सगळे ओपा म्हणतात, थोरली मानतात. लोकांनी माझंच ऐकलं आणि त्याच्याकडे जाणं-येणं टाकलं. शेवटी त्याने झाड तोडलं. त्याचा मुलगा जन्मला तेव्हा लावलेलं झाड होतं ते. तो मुलगा वारून तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

पुढच्या वसंतात मी गच्चीवर गेले, तर माझ्याच छताच्या बोरूच्या काड्यांतून त्या अळीचे करडे पतंग निघत होते. पडलेलं फळ फेकणं म्हणजे अन्नाचा अपमान, असं आई सांगायची. म्हणून किडक्या फळांच्याही फोडी करून मी गच्चीवर वाळत घालायची. अळ्या फोडींतून उतरून छतात हिवाळा काढायच्या. माझ्या हाताने मीच त्यांना पोसलं. हे मी कुणालाही सांगितलं नाही. दोनदा त्याच्या फाटकापर्यंत गेले. "या ओपा, चहा घ्या," असं तो आतून म्हणाला आणि मी मागे फिरले. मला लाज वाटते. झोप लागत नाही.

चार. झाड ठेवायचं की तोडायचं, हे तुर्सुनबोयने ठरवावं. ठेवलं तर पडलेलं प्रत्येक फळ त्याच दिवशी गुडघाभर खड्ड्यात पुरावं. अन्न मातीत घालण्याचं पाप त्याला नाही, ते माझ्या माथी.

पाच. तिसरं कलम जुम्म्याच्या नमाजानंतर सगळ्या मोहल्ल्यासमोर वाचावं. मी ओरडले होते तितक्याच मोठ्याने.

साक्षीदार मुकद्दस आत्ता विचारते, "ओपा, तुर्सुनबोय पलीकडे अंगण झाडतोय. हाक मारू?" मी म्हटलं, सही होऊ दे. मग मार, आणि मी नको म्हटलं तरी मार.

सही: सानोबार खोलिकोवा
साक्षीदार: मुकद्दस एर्गाशेवा, शिक्षिका
साक्षीदार: होलमत सोदिकोव, मोहल्ल्याचे वडीलधारे
चोरतोक, २ नोव्हेंबर २०१९