मांजर बघायला आलेली माणसं

ताई,

प्राण्यांना घर शोधून देणाऱ्या संस्थेची मांजर आम्ही महिनाभरच सांभाळणार होतो. तिला न्यायला आलेल्या दोन कुटुंबांनी घरी जाऊन नकार कळवला, तेव्हा मला तुमच्या आईंचा संशय आला. पण ज्यांना मांजर डोळ्यांसमोर नको, त्या नेणाऱ्यांना कशाला परतवतील?

परवा तिसरं कुटुंब आलं. आईंनी मला लगेच चहा करायला पिटाळलं. मी दाराआड थांबले.

"दिसते गरीब, पण चावते हो," त्या हळूच सांगत होत्या. "एक पडदा धड ठेवला नाही."

माणसं गेल्यावर मी विचारलं, "आई, कुणाला चावली ती?"

"ती बाई भाजी निवडल्यासारखी तिला उलटसुलट करत होती," त्या म्हणाल्या. मग माझी नजर चुकवून, "संस्थेचा तो दत्तक घ्यायचा फॉर्म आण. आपणच ठेवू." सहीही त्यांनीच केली.

लहानपणी तुम्ही आणलेलं मांजराचं पिल्लू याच आईंनी तुम्हाला परत सोडून यायला लावलं होतं. तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता, हे तुम्हीच मला सांगितलंय. आत्ता त्या मांजरीला मांडीवर घेऊन बसल्यात. हे तुम्हाला कसं कळवू?

तुमची भावजय