शिपायाला समजू देण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव साहेब,
विद्यापीठ मुख्य कार्यालय, पहिला मजला.

(मार्फत : विभागप्रमुख, कला व मानव्यविद्या विभाग)

विषय : एक प्रकरण ऐकण्याची व ते समजून घेण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपला दिनांक ३ चा आदेश, 'अपात्र कर्मचाऱ्यांचे श्रवण व आकलन'.

महोदय,

अर्जदार कला व मानव्यविद्या विभागात बत्तीस वर्षे शिपाई असून येत्या तीस तारखेला निवृत्त होत आहे. अर्जात 'मी, मी' करू नये असे विभागाच्या हेडक्लार्क साहेबांनी बजावल्यामुळे पुढे सर्वत्र 'अर्जदार' असेच लिहिले आहे. विभागातील लहानथोर सर्व अर्जदारास 'मामा' म्हणतात, तरी ते नाते कागदोपत्री धरू नये.

१. बावीस वर्षांपूर्वी इतिहासाच्या थोरल्या बाई (आता निवृत्त) चहाच्या खोलीतील लांब टेबलाशी बसून आपल्या पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचून पाहत होत्या. खोलीत दुसरे कोणी नव्हते. अर्जदार कप विसळत होता. बाईंनी सहज विचारले, "समजलं का हो?" अर्जदाराने खरे ते सांगितले, की नाही समजलं. बाई तरातरा निघून गेल्या आणि चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी तेच पान नव्याने लिहून घेऊन आल्या. या खेपेस ते समजले आणि वाईटही वाटले, कारण त्यात एक गाव ओस पडले होते. त्या पुस्तकाला पुढे मोठे पारितोषिक मिळाले.

तेव्हापासून विभागात रीत पडली. प्रबंध असो की पुस्तक, प्रत्येक प्रकरण बाहेर पाठवण्याआधी त्या टेबलाशी मोठ्याने वाचायचे. समजले तर अर्जदार समासात पेन्सिलीने बरोबरची खूण करतो, न समजल्यास फुली. फुली आली की पुन्हा लिहून आणायचे. अर्जदार याहून अधिक काही बोलत नाही; सल्ला देण्याइतके त्याचे शिक्षण नाही, तो सातवी पास आहे. या रीतीने सव्वीस प्रबंध व चार पारितोषिकप्राप्त पुस्तके बाहेर पडली. तत्त्वज्ञानाच्या सरांनी एकाच पानावर अकरा फुल्या घेतल्या. शेवटी त्यांच्याच लक्षात आले की त्या पानात काही नव्हतेच.

२. गेल्या वर्षी विद्यापीठाने विभागाचे नाव 'सामूहिक जीवन व उत्कृष्टता' या पुरस्कारासाठी पाठवले. अहवालात 'विभागास परस्परपरीक्षणाची काटेकोर परंपरा आहे' असे वाक्य होते. (ते अर्जदाराला वाचून दाखवले नव्हते.) पाहणीस आलेल्या पाहुण्यांनी परीक्षक कोण असे विचारले, तेव्हा सर्वांनी कपबशांकडे बोट दाखवले. पाहुण्यांना गंमत वाटली व पुरस्कार मिळाला. सत्काराच्या दिवशी अर्जदाराने दोनशे खुर्च्या मांडल्या आणि नंतर उचलल्या. इथवर सगळे ठीक होते.

३. पण पुरस्कार मिळाला म्हटल्यावर परंपरा नियमात बसवणे आले. गुणवत्ता कक्षाने अर्जदारास भरण्यासाठी एक नमुना पाठवला. त्यात 'विशेष अभ्यासाचा विषय' या रकान्यात अर्जदाराने 'सर्व' असे लिहिले, कारण सर्वच विषयांची पाने ऐकली होती. 'प्रकाशने' येथे 'नाहीत' आणि 'परदेश दौरे' येथे 'मुख्य कार्यालयापर्यंत' असे प्रामाणिकपणे भरले. त्यावरून अर्जदार अपात्र ठरला, पाच जणांची आकलन समिती नेमली गेली, आणि या महिन्यात अर्जदाराने शैक्षणिक मजकुराचे 'श्रवण, आकलन अथवा तत्सदृश कृती' करू नये असा आपला आदेश आला. चहाच्या खोलीत पुरस्काराचे काचेचे कपाट ठेवायचे ठरल्याने लांब टेबल गोदामात गेले. सामूहिक जीवनाची ढाल आता तेथे एकटीच असते.

समिती तीन महिन्यांतून एकदा बसते. ती प्रकरणे ऐकत नाही, सारांश मागवते आणि उंटावरून शेळ्या हाकते. आजवर तिने एकाही पानावर फुली केलेली नाही.

४. आदेश पाळण्यात अर्जदाराने कसूर केलेली नाही. परंतु विभागाची दारे जुनी आहेत. भिंतींनाही कान असतात म्हणतात. त्यांना आदेश गेला की नाही ठाऊक नाही, अर्जदाराला मात्र आला आहे. म्हणून तास चालू असताना काही ऐकू येऊ नये यासाठी अर्जदार कप आपटू लागला. त्यावर आवाजाची तक्रार होऊन खुलासा मागितला गेला. मग प्रथमोपचार पेटीतला कापूस कानात घातला, तर आपल्याच कार्यालयाचा फोन ऐकू आला नाही, दुसरा खुलासा. कापूस जखमेवाचून वापरल्याबद्दल भांडारपालांनी तिसरा मागवला. धरले तर चावते, सोडले तर पळते अशी गत झाली आहे.

तसेच सात तारखेला कापूस बदलत असताना भाषेच्या बाईंचे अर्धे वाक्य कानी पडले आणि समजले, हे अर्जदार स्वतःहून कळवीत आहे. सदर आकलन हेतुपुरस्सर नव्हते. उरलेले अर्धे वाक्य काय असेल याचा अर्जदाराने विचार केलेला नाही, म्हणजे फारसा नाही.

५. आता मुद्द्याचे. विभागात एक विद्यार्थिनी आहे. ती सकाळी टपाल कार्यालयात पत्रे निवडते, म्हणून सर्व तिला टपालबाई म्हणतात. वय बेचाळीस, पदरी दोन मुले, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. सात वर्षे दुपारनंतर येऊन ती प्रबंध लिहीत आहे. विषय : पत्ता न सापडल्यामुळे पोहोचू न शकलेली पत्रे. तिच्या दुसऱ्या प्रकरणावर अर्जदाराने नऊ फुल्या केल्या. नवव्या फुलीला ती जिन्यात बसून रडली, आणि अर्जदारालाही त्या दिवशी घास गेला नाही. दहाव्या वेळी मात्र तिने असे वाचले की चहाचे आधण आटून गेले तरी कोणी उठले नाही. आता सहा प्रकरणांवर खूण झाली आहे. सातवे, शेवटचे, राहिले आहे.

समितीने त्या प्रकरणाच्या सारांशावर 'उत्तम' असा शेरा दिला. तो घेऊन ती बाहेर आली तेव्हा तिचे तोंड उतरले होते. म्हणाली, "मामा, त्यांनी वाचलंच नाही हो. तुम्ही समजलं म्हणाल तेव्हाच मी प्रबंध देणार." प्रबंध देण्याची शेवटची तारीखही तीसच आहे. हातातोंडाशी आलेला घास घालवू नकोस, असे अर्जदाराने तिला परोपरीने सांगितले. ती ऐकत नाही, आणि अर्जदाराला ऐकता येत नाही. रोज पाच वाजता ती पाने घेऊन येते, कपाटाजवळ थोडा वेळ उभी राहते आणि घरी जाते.

६. सबब विनंती की, अर्जदारास सदर एक प्रकरण ऐकण्यास एक तासाची परवानगी मिळावी. त्यासाठी अर्धी रजा टाकण्याची व विद्यापीठाच्या फाटकाबाहेरील कठड्यावर बसण्याची अर्जदाराची तयारी आहे. ऐकावे पण समजून घेऊ नये, अशी तडजोड हेडक्लार्क साहेबांनी सुचवली होती. तथापि टपालबाई आता चांगले लिहिते, त्यामुळे तशी हमी देता येत नाही.

अर्जदाराने बत्तीस वर्षांत काही मागितलेले नाही, आणि खरे सांगायचे तर हेही केवळ तिच्यासाठी नाही. सहाव्या प्रकरणाच्या शेवटी एका आईने मुलाला लिहिलेले पत्र नऊ वर्षे टपालाच्या फडताळात पडून आहे. त्याचे पुढे काय झाले हे ऐकल्याशिवाय अर्जदाराला निवृत्त होऊन घरी जाववणार नाही.

७. ताजा कलम. आपला आदेश आला त्या दिवशी तो हेडक्लार्क साहेबांकडून विभागाच्या रीतीप्रमाणे मोठ्याने वाचून घेतला. आदेश हा शैक्षणिक मजकूर नसल्यामुळे तो ऐकण्यास मनाई नव्हती. तीनदा वाचला, सावकाश. तिसऱ्या वेळी वाचणाऱ्यांचाच आवाज खाली गेला.

आपला नम्र, आणि अजून अठरा दिवस आपल्याच आस्थापनेवरील,

(सही)
शिपाई, कला व मानव्यविद्या विभाग
दिनांक : १२

सोबत :

(१) सत्कार समारंभाचे छायाचित्र. डावीकडे खुर्चीमागे दिसणारे कोपर अर्जदाराचे आहे.

(२) कापसाचे बोळे, दोन, वापरलेले. भांडारात जमा करण्यासाठी.

(३) आपला दिनांक ३ चा आदेश, मूळ प्रत, समासात पेन्सिलीने फुली केलेली. समजला नाही. कृपया पुन्हा लिहून आणावा. अर्जदार तीस तारखेपर्यंत रोज पाच वाजता कपाटाजवळ असतो.