लांबच्या चाकापासून

हे माझे मृत्युपत्र. लिहिणारी मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय शिवणयंत्रे दुरुस्त करणे (दुकान आता बंद, पण दार वाजवून आलेल्याला अजून परत पाठवत नाही). माझे डोके ठिकाणावर आहे आणि कान तर त्याहून चांगले आहेत. हृदयाची एक झडप झिजली आहे, असे डॉक्टर म्हणतात. "बदलता येईल का?" असे मी विचारले, तर म्हणाले, "या वयात न उघडलेलंच बरं." हे मला पटले, चालत्या यंत्राला मीही उगाच हात लावत नाही. तेव्हा कोणी भरीला घातले म्हणून नव्हे, कोणाच्या धाकाने नव्हे, तर आपल्या मर्जीने, टेबलावर उजेड चांगला असताना हे लिहीत आहे. वकीलबाईंनी आधी एक मसुदा करून दिला होता. तो फार स्वच्छ होता आणि त्यात मी कुठेच नव्हते, म्हणून त्यातली कलमे तेवढी ठेवली आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

मला दोन अपत्ये. मुलगा थोरला, मुलगी त्याच्याहून चार वर्षांनी लहान. माझे यजमान भूगोल शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली.

कलम पहिले. राहते घर दोन्ही मुलांना समान. विकायचे झाल्यास दोघांच्या सह्या लागतील. स्वयंपाकघराची खिडकी आधी वर उचलून मग ढकलावी लागते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. नंतर कळले की माणसे घरालाच नावे ठेवतात.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल ते, डॉक्टरांचे देणे भागवून, निम्मे निम्मे. यावर भांडण होणार नाही हे मला माहीत आहे. पैशावरून भांडणारी मुले असती तर मला इतके लिहावे लागले नसते.

कलम तिसरे. माझे हाताने फिरवायचे पहिले शिवणयंत्र समोरच्या शिंपीणबाईंना द्यावे. त्या वर्षानुवर्षे एकच तक्रार घेऊन माझ्याकडे येत, "दोरा तुटतोय हो." दोरा कधीच तुटत नव्हता. त्यांना बोलायला कोणी नव्हते, आणि मला त्या आलेल्या आवडत.

कलम चौथे. सर्व हत्यारे मुलीला. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. पाना आणि चमचा यांतला फरक त्याला जेवायला बसल्यावरच कळतो. गाडीच्या दुरुस्तीचे तेलकट पुस्तक मात्र त्याला द्यावे. मास्तर ते मोठ्याने वाचत, आणि मुलाचा आवाज हुबेहूब त्यांचा आहे. फोनवर तो "आई" म्हणाला की मला अजून दचकायला होते.

कलम पाचवे. गाडी. लांब नाकाची, दोन दारांची, सहा सिलिंडरची, गडद हिरवी, आणि आपल्या काळात रस्त्यावरच्या बहुतेकांना मागे टाकणारी. मास्तर एका निवृत्त न्यायाधीशांकडे जुने कपाट बघायला म्हणून गेले आणि टेम्पोला दोर बांधून ही ओढत घरी आले. आत कोंबड्या राहून गेल्या होत्या. मी विचारले, "कपाट कुठंय?" ते म्हणाले, "डिकी बघ ना केवढी आहे!" त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही, पण संध्याकाळी बॉनेट उघडून पाहिले. मुलांनी गाडीचे नाव 'धाकटी' ठेवले, कारण घरात शेवटी आली आणि सगळ्यांत जास्त लाड तिचेच झाले.

मास्तरांकडे गाडीचे प्रेम होते, हात नव्हते. इंजिन मी उतरवले, मी बसवले. तिन्ही कार्बोरेटर सारखीच हवा ओढतात का, हे कानाला रबरी नळी लावून ऐकायचे असते. शिवणयंत्रांनी माझा कान तयार केलेला होता, त्यामुळे ते मला पहिल्या दिवसापासून जमले. मास्तर स्टुलावर बसून पुस्तकातली पुढची पायरी वाचत. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणजे काय, हे पाहायला माणसांनी आमच्या घरी यायला हवे होते. पण एक काम ते माझ्याहून चांगले करत, आणि ते म्हणजे ब्रेकचे.

ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली की पेडल मऊ पडते. पाय खाली जातो, पण चाकापर्यंत काहीच पोचत नाही. ही हवा काढणे एकट्याचे काम नाही. एकाने आत बसून पेडल दाबायचे. दुसऱ्याने खाली चाकाशी बसून छोटा स्क्रू सैल करायचा, म्हणजे ब्रेक ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर येतात. खालचा म्हणतो, "दाब." वरचा दाबून धरतो आणि म्हणतो, "दाबलं." खालचा स्क्रू उघडतो, आवळतो आणि म्हणतो, "सोड." ते ऐकण्याआधीच पाय उचलला तर हवा उलटी आत जाते आणि पुन्हा पहिल्यापासून. एकमेकांची तोंडे दिसत नाहीत, सगळे काम ऐकण्यावर चालते.

आमचा संसार काही नुसता गोडीगुलाबीचा नव्हता. आठ-आठ दिवस अबोला चाले. पण ब्रेकचे काम निघाले की हे तीन शब्द तरी बोलावेच लागत, आणि चार चाके होईपर्यंत कोणाच्या तरी तोंडून चौथा शब्द निघत असे. मास्तर गेल्यावर मी एकट्याने हवा काढायची बाटली आणून पाहिली. पेडल कधी मनासारखे कडक झाले नाही. ती बाटली मी फेकून दिली आहे, शोधू नये.

कलम सहावे. जुन्या गाड्यांच्या क्लबचे अध्यक्ष. हे गृहस्थ दरवर्षी प्रदर्शनात इंजिनाबद्दल मास्तरांना विचारत आणि मला म्हणत, "वहिनी, तुम्ही सावलीत बसा." मास्तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "इंजिनाचं हिला विचारा," आणि अध्यक्ष पोट धरून हसत. ते मी सोडून दिले. पण एकदा चारचौघांत ते म्हणाले, "हा हिरवा कारखान्याचा नव्हे. कुणीतरी घरी फासलाय. हिला लालच शोभेल." हे मी सोडलेले नाही. पुढे दाराचे आतले अस्तर काढले, तेव्हा ज्या पत्र्याला कधी ऊन लागले नव्हते तिथे हाच हिरवा निघाला. त्याची एक खपली मी काडेपेटीत ठेवली आहे. ती त्यांना कधी दाखवली नाही. हुकमाचे पान हातात आहे, हे सुख मोठे असते. कलम आठव्याप्रमाणे काम झाले तर ही काडेपेटी माझ्या नमस्कारासह त्यांच्याकडे पोचती करावी.

कलम सातवे. हे मालमत्तेचे कलम नाही. पण वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, लिहा तुम्ही. खोडायचं मग बघू."

मास्तरांच्या शेवटच्या आजारात मुलाचे म्हणणे होते की दुसरे ऑपरेशन करावे. मुलीने त्यांना इस्पितळातून घरी आणले. ते आपल्या पलंगावर, खिडकीकडे तोंड करून गेले. त्याच दिवशी दारात मुलगा बहिणीला म्हणाला, "तू त्यांना मारायला घरी आणलंस." ती म्हणाली, "तू होतास कुठे?" त्यानंतर दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. मी येथे लिहून ठेवते, आणि खाली सही करणार असल्यामुळे याला पुराव्याची किंमत आहे: घरी आणा, असे मास्तरांनी स्वतः सांगितले होते. मुलीने त्यांचे ऐकले. मुलाला वडील अजून हवे होते. यात गुन्हा कोणाचाच नाही. हे मी दोघांना वेगवेगळे दहादा सांगितले आहे; पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या वर्षी ब्रेक ऑइल बदलायचे झाले, तेव्हा मी दोघांना एकाच दिवशी बोलावले. म्हटले, आमचे जमत असे, यांचेही जमेल. काम दोघांना येते. मास्तरांचा पाय मोडला होता त्या वर्षी दोघांनी मिळून ते केले होते, आणि पाय लवकर उचलला म्हणून हिने त्याच्या नडगीवर पाना मारला होता. तो व्रण तो अजून लोकांना कौतुकाने दाखवतो.

मुलगी खाली बसली, मुलगा आत. मी मधे उभी. मुलगी म्हणाली, "आई, त्याला सांग, दाब." मी म्हटले, "दाब रे." तो म्हणाला, "आई, तिला सांग, दाबलंय." मी सांगितले. निरोप जाईयेईपर्यंत त्याचा पाय सुटला आणि हवा आत गेली.

"आई, त्याला सांग, घाई करू नकोस."

"आई, तिला सांग, जरा मोठ्यानं बोल."

मला आधी हसू आले. मग स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून, मी रडले. बाहेर आले तर दोघेही निघून गेलेले. पाने पुसून जागच्या जागी ठेवलेले होते, सीटवर टाकलेली चादरसुद्धा घडी केलेली होती. शिस्त माझी घेतली आणि हट्टही माझाच, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार?

घोडे कुठे पेंड खाते ते मला त्या दिवशी कळले. मी मधे उभी आहे तोवर यांना एकमेकांशी बोलायची गरजच नाही. म्हणून हे काम माझ्यासमोर होणार नाही. मरणाची मला फारशी भीती नाही. भीती आहे ती एवढीच, की माझे सगळे आटोपल्यावर हे दोघे फाटकातून बाहेर पडतील, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि पुन्हा भेटायला यांना काही निमित्तच उरणार नाही.

कलम आठवे. गाडी दोन्ही मुलांना एकत्र द्यावी, पण पुढील अटीवर. त्या दिवसापासून ती ठोकळ्यांवर आहे आणि ब्रेकमध्ये हवा आहे. माझ्या मृत्यूनंतर एक वर्षाच्या आत ही हवा दोघांनी मिळून काढावी. तिसरा माणूस त्या वेळी गॅरेजमध्ये नसावा. सुनेने आणि जावयाने कृपा करून बाजाराला जावे. काम झाले की नाक्यावर गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजवाल्याला बोलवावे. गाडीची किल्ली त्याच्याकडे आहे. तो स्वतः पेडल दाबून पाहील. पेडल कडक लागले तर किल्ली देईल, मऊ लागले तर काही न बोलता घरी जाईल. वर्षात काम न झाल्यास गाडी क्लबच्या अध्यक्षांना जावी. आयत्या बिळावर नागोबा बसेल, आणि ते तिला लाल रंग देतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, ही अट कोर्टात टिकेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही."

मी म्हटले, "कोर्टात कशाला टिकायला हवी? पेडलमध्ये टिकली की झालं."

"आणि त्यांनी दुसरीकडून मेकॅनिक आणला तर?"

यावर साक्षीला आलेला गॅरेजवाला म्हणाला, "कळतं हो, काकू. पैसे घेऊन केलेलं काम आणि घरचं काम, पायाला कळतं." हे खरे की खोटे मला माहीत नाही, पण तो ते मुलांसमोरही इतक्याच ठामपणे म्हणेल, एवढे वचन मी त्याच्याकडून घेतले आहे.

कलम नववे. काम कसे करावे. ब्रेक ऑइलची नवी, बंद बाटली आणावी. उघडी पडलेली ओल धरते. मुलाने पेडलवर बसावे. तो थोरला आहे, त्याला हुकूम सोडायची सवय आहे, म्हणूनच या कामात हुकूम मुलीने द्यावेत आणि त्याने पाय तिच्या शब्दावर हलवावा. मुलीने आवाज चढवू नये. त्याला ऐकू येते. चुकल्यास पाना नडगीवर मारू नये. दोघेही आता त्या वयाचे राहिले नाहीत.

चाकांचा क्रम बदलू नये. पुस्तकातही हाच दिला आहे. सुरुवात पेडलपासून सर्वांत लांबच्या, मागच्या पलीकडच्या चाकापासून करावी. तिथून एकमेकांचे काही दिसत नाही, मोठ्याने बोलावे लागते, आणि हवा सर्वांत जास्त तिथेच असते. मग मागचे दुसरे. मग पुढचे पलीकडचे. शेवटचे चाक पुढचे, चालवणाऱ्याच्या बाजूचे. ते अगदी दाराशीच आहे. दार उघडे ठेवावे. खाली बसलेल्या मुलीला तिथून भावाचा पाय दिसेल आणि त्याला तिचे डोके दिसेल. तिथे ओरडावे लागत नाही.

तिथवर तीन शब्द पुरतील. चौथा कोणता, ते मी लिहीत नाही.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचून पाहिले आणि साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या. या दोघांना यातून काहीही मिळायचे नाही, त्रास तेवढा मिळेल.

सही: (मशीनवाली बाई)

साक्षीदार पहिला: झडपेचे डॉक्टर. ही बाई पूर्ण शुद्धीवर आहे, हे मी तपासून लिहितो.

साक्षीदार दुसरा: गॅरेजवाला. किल्ली मिळाली.

ठिकाण: राहते घर, गॅरेजकडे उघडणाऱ्या दाराजवळचे टेबल
दिनांक: अकरा फेब्रुवारी, सकाळी