दुसरा सबवूफर

पिंपळगाव राजा
रविवार

प्रिय मयुरी,

परवा तू फोनवर म्हटलं की बाबाचा राग गेलाच नाही, ते माह्याशी दोन शब्द बोलत नाहीत, मंग बाळाले घेऊन बुद्धपौर्णिमेले कोणत्या तोंडानं येऊ. जावई दुसऱ्या समाजाचा, म्हणून त्याहीच्या मनात अजून आढी आहे, असं तुले वाटते. मी तवा मुद्दाम विषय बदलला. माह्याही मनात या माणसाबद्दल सहा महिन्यांपासून संशय होता, पण तो वेगळाच.

शाळेतून रिटायर झाल्यावर त्याहीनं गाण्याचा सेट घेतला, ते तुले माहीत आहे. दोन उभे स्पीकर, बरे वाजत होते. मंग गाणं पोकळ येते म्हणून खामगावहून सबवूफर आणला, तो जाड आवाजाचा काळा डबा. कोपऱ्यात ठेवला तर नुसता घुमे. दुकानदारानं फसवलं, वायर खराब दिली, असं आठ दिवस चाललं, आणि मंग दुसरा सबवूफर घरात आला. एका खोलीत दोन कशाले, विचारलं तर आपली वायरच जोडत बसले. मी मनात म्हटलं, माही बडबड कानावर पडू नये म्हणून हा सगळा सरंजाम आहे. तवापासून मी त्याहीच्यावर डोळा ठेवून होती.

एक दिवस बाजारातून आली तर डबा त्याहीच्या खुर्चीत बसलेला, आणि तुहे बाबा फरशीवर गुडघ्यानं रांगून राह्यले. मले वाटलं, यानं काही पुरून ठेवलं का इथं. म्हणे डबा खुर्चीत ठेवायचा, आपण खोलीभर रांगायचं, जिथं आवाज सारखा लागते तिथं डब्याची जागा. मोबाईलवर पाह्यलं म्हणे. मास्तरच ते, खडूनं फरशीवर फुल्या केल्या. डबे तिथं मांडले आणि मागचं बटन कणकण फिरवत बसले, स्पीकरचा आवाज कुठं संपावा अन् डब्याचा कुठून सुरू व्हावा, ते जुळवत. गाणं कोणतं, तर तुह्यं, कॉलेजच्या गॅदरिंगले तू म्हटलेलं. तेच तेच, दिवसभर. मले तर हेही नाटक वाटलं.

मंगळवारी मी त्याहीच्या पाठीमागं उभी राह्यली आणि रोजच्या भांडायच्या आवाजात खोटंच म्हटलं की स्वयंपाकघरात आग लागली. बटनावरचा हात थांबला नाही. समोर गेली तर हसून म्हणतात, ढोलकी आता बरोबर बसली, पण पोरीचा आवाज काही वर येत नाही. मयुरी, आवाज चांगला खणखणीत येत होता. दुसरा हात त्याहीनं डब्यावर ठेवला होता, ढोलकी त्याहीले तिथून लागत होती. मी आत जाऊन रडली. सहा महिने मी या माणसाशी भांडली, त्यातलं अर्धंही त्याहीले ऐकू आलं नसन.

त्याहीले आतून समजलं आहे, पण कबूल करणार नाहीत. तुहा फोन आला की ऐकू आल्यासारखं हाव हाव करून माह्या हातात देतात, ते म्हणूनच. कान दाखवायले मी त्याहीले नेईन, ओढत न्यावं लागलं तरी. हे फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच म्हटलं असतं, बाबाले दे, आणि त्याहीनं पुन्हा हाव म्हणून मले परत दिला असता. म्हणून लिहून राह्यली. तू आता त्याहीच्या नावानं पत्र लिही. बाळाचं सगळं लिही, दात किती आले, हसते कसं. डोळे चांगले आहेत त्याहीचे, दहादा वाचतीन. आणि पौर्णिमेले ये. त्याहीले राग नाही, पोरी. त्याहीले तू ऐकू येत नाहीस.

तुहीच,
आई